साठीनंतर भेटलेला 'अ‍ॅबा'

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९७४ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथील युरोव्हिजन ही युरोपातील गीतस्पर्धा जिंकून 'अ‍ॅबा' हा चार गायक-वादकांचा स्वीडिश चमू जगाला ठाऊक झाला, तेव्हा मी सातवीत होते आणि आमच्या घरच्या रेडिओवर भावगीतांपलीकडे फारसे काही लागत नसे. त्यांची गाणी मी प्रथम लक्षपूर्वक ऐकली ती निवृत्तीनंतर, मुलीने फोनवर लावून दिली म्हणून. आणि गेली दोन वर्षे माझी एकही संध्याकाळ त्यांच्याविना गेलेली नाही.

या चमूतील ब्यॉर्न आणि आग्नेथा हे दांपत्य विभक्त झाल्यानंतर, १९८० मध्ये, ब्यॉर्न यांनी लिहिलेले ताटातुटीचे गाणे आग्नेथा यांनीच गायले. पियानोची उतरत जाणारी सुरावट सुरू झाली की मी हातातली भाजी निवडायची थांबते. शेवटच्या कडव्याच्या आरंभी त्यांचा आवाज इतका हळुवार होतो, की समोर बसून कोणी आपल्याशीच बोलत आहे असे वाटते. इंग्रजी शब्द सगळे कळत नाहीत, पण दुःख नेमके कळते.

'या वयात हे काय नवे?' असे नातेवाईक विचारतात, तेव्हा वाईट वाटते. याच चौघांनी सत्तरी ओलांडल्यावर, २०२१ मध्ये, चाळीस वर्षांनी नवा अल्बम काढला, तो ऐकायला माझे वय आड का यावे? आपल्या पुरवणीत अशा जुन्या परदेशी चमूंची ओळख मराठीतून करून देणारे सदर सुरू करावे, ही मनःपूर्वक विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा