बटणात मराठी मावते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘संगणकाच्या पडद्यावर मराठी मावत नाही, तेव्हा प्रोग्रॅमची बटणं इंग्रजीतच राहू द्यावीत’ असं सुचवणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. लेखकाने कार्यालयात बरंच सोसलेलं दिसतं. दुखणं त्यांनी अचूक सांगितलं आहे, औषध मात्र भलतंच.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीसाठी भुईकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, खालचे लोडसेल वजन पाठवतात, केबिनमधला ऑपरेटर बटण दाबतो, पावती निघते. एवढाच कारभार, पण तो सगळा मराठी वाचणाऱ्या माणसांच्या हातचा. त्यामुळे मराठी कुठे अडते आणि का, हे रोजच पाहण्यात येतं.

गेल्या कांदा हंगामात जिल्ह्यातल्या एका काट्यावर तिसऱ्याच कुणी बसवलेला प्रोग्रॅम पाहिला. दोन बटणं शेजारी शेजारी. एकावर ‘पावती…’, दुसऱ्यावरही ‘पावती…’. एक होतं ‘पावती छापा’, दुसरं ‘पावती रद्द करा’. ऑपरेटर पोरगा हुशार. त्याने छापायच्या बटणाखाली मॉनिटरवर लाल टिकली चिकटवून ठेवली होती, कुंकवाच्या पाकिटातली. केंद्र सरकारने २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि इथे ती ‘पावती’पुढच्या तीन टिंबांवर थांबलेली.

आता हे होतं कशामुळे? आमच्या पिढीने व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅम लिहायच्या हत्यारावर हात बसवला. तिथे बटण माउसने ओढून फॉर्मवर ठेवायचं, की त्याची जागा आणि लांबी-रुंदी आकड्यांत पक्की होऊन जाई. माप ‘ट्विप’मध्ये, एका इंचाला १४४० ट्विप. इंग्रजीतलं ‘प्रिंट’ बसेल एवढं बटण आखलं जायचं आणि मग तेवढ्याच जागेत कुणीतरी मराठी कोंबायचं. मराठी लांब आहे ही तक्रार तिथून सुरू झाली. हत्यारं बदलली तरी हाताची सवय तीच राहिली.

याहून वेगळी पद्धत निघून बराच काळ लोटला. तिला डिक्लेरेटिव्ह म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूपीएफ हे पडदे बनवायचं हत्यार २००६ साली आलं, तेही याच पद्धतीचं. मी वापरते ते क्यूट. हे नॉर्वेतून निघालेलं टूलकिट, म्हणजे प्रोग्रॅमचे पडदे बनवायचा तयार संच, १९९५ पासून आहे आणि २०१० साली त्याच्या ४.७ या आवृत्तीत क्यूट क्विक हा पडदे बनवायचा नवा भाग आणि ते लिहायची क्यूएमएल ही भाषा आली. यात पडदा कसा रंगवायचा याच्या आज्ञा एकामागून एक लिहायच्या नसतात. कशाचं कशाशी काय नातं, ते लिहायचं. हे बटण त्या चौकटीच्या उजवीकडे. दोघांत आठ पिक्सेल अंतर. उरलेली जागा शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्याला. नातं एकदा लिहिलं की ते पाळायची जबाबदारी टूलकिटची. ज्यांनी एक्सेल वापरलं आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. निव्वळ वजन म्हणजे भरलेलं वजन वजा रिकामं वजन, असं सूत्र एका खान्यात लिहिलं की दोन्हींपैकी काहीही बदललं तरी उत्तर आपोआप बदलतं. क्यूएमएलमध्ये असंच सूत्र बटणाच्या रुंदीलाही लिहिता येतं, रंगालाही, आणि बटण दाबता यावं की नाही यालासुद्धा. माझ्या पडद्यावर वजन स्थिर होईपर्यंत ‘पावती छापा’ दाबलंच जात नाही. त्यासाठी एकच ओळ लिहिलेली आहे.

मराठीच्या दृष्टीने कळीची गोष्ट पुढे आहे. प्रत्येक बटणाला स्वतःची अशी एक रुंदी असते. आतला मजकूर आणि भोवतीची मोकळी जागा मिळून ती टूलकिटच काढतं. तिच्या आड न येता बटणं ओळीत लावली तर ‘पावती रद्द करा’ पूर्ण दिसतं. रुंदी ९० असा आकडा आपण वरून ठोकला की पुन्हा तीन टिंबं. म्हणजे चांगलं हत्यार हाती असूनही जुन्या पद्धतीने काम करता येतं, आणि पुष्कळजण करतात. आणखी एक छुपी खोड आहे. सूत्राने बांधलेली रुंदी कुणी बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये साध्या बरोबरच्या चिन्हाने बदलली, की ते सूत्र कायमचं तुटतं. पडद्यावर काहीच सूचना येत नाही. नवी मुलं यात हमखास अडकतात.

उंचीची गोष्ट निराळी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजी अक्षरं बघून तक्त्यातल्या ओळीची उंची १८ पिक्सेल केली की वरचं छाटलं जातं आणि ‘खर्च’चा ‘खच’ होतो. विक्रेता दाखवताना ‘वजन’ लिहून दाखवतो. व, ज, न. वर काही नाही, खाली काही नाही. ते कुठेही मावतं!

म्हणून मी तपासणीला आपल्या जिल्ह्याचे १५ तालुके घेते. पेठ आणि देवळा कसेही बसतात, त्र्यंबकेश्वर आलं की खरं-खोटं कळतं. यादी उघडून तालुका निवडायचा जो घटक असतो, तो आपण होऊन सर्वांत लांब नावाएवढा रुंद होत नाही. तसं त्याला सांगावं लागतं, आणि क्यूटच्या सहाव्या आवृत्तीपासून त्याची सोय आहे. असं बटण, अशी यादी एकदा वेगळ्या फाइलीत नीट बनवली की सगळ्या पडद्यांवर तीच वापरायची. सुधारणा एका जागी केली की सगळीकडे पोचते. (या फाइलीचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू करावं लागतं, त्यामुळे घटकांची नावं मराठीत ठेवायची हौस फिटत नाही. चालायचंच, ती ऑपरेटरला दिसत नाहीत.)

सगळंच मजकुराप्रमाणे आकसावं-पसरावं असंही नाही. लोडसेलकडून येणारा आकडा ट्रॅक्टर थांबेपर्यंत नाचत असतो. त्याच्या चौकटीची रुंदी आकड्याबरोबर बदलू दिली तर शेजारची बटणं ऑपरेटरच्या माउसखालून सरकायला लागतात. तिथे मी सर्वांत रुंद अंकांनी भरलेल्या पूर्ण आकड्याची रुंदी आधी मोजून घेते आणि चौकट तेवढीच कायम ठेवते. पण हे मापही त्या फॉन्टमध्ये त्या अंकांना मोजूनच येतं, अंदाजाने नव्हे.

खर्चाचा मुद्दा पत्रात होता, म्हणून थोडक्यात. क्यूटचे बहुतेक भाग खुल्या परवान्याखाली पैसे न देता वापरता येतात. त्या परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात, एवढंच. नोटो किंवा मुक्तासारखे देवनागरी फॉन्टही विनामूल्य आहेत. तेव्हा मराठीला जादा पैसे पडतात असं कुणी विक्रेता म्हणाला तर कशाचे ते त्याला विचारावं.

राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. कागदावर मराठी आणायला तो आहेच, पण बटण किती रुंद असावं हे कुठल्या कायद्यात लिहिणार? ते निविदेतच लिहावं लागेल. बाजार समित्या, ग्रामपंचायती, सहकारी संस्था सॉफ्टवेअर घेतात तेव्हा ‘मराठी उपलब्ध’ या रकान्यात टिक करून मोकळ्या होतात. त्याऐवजी अट घालावी की पडद्यावरची अक्षरं दीडपट करून, तालुक्याच्या जागी त्र्यंबकेश्वर निवडून, प्रत्येक बटण पूर्ण वाचता आलं पाहिजे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि संगणक महाविद्यालयांनीही प्रात्यक्षिकात हीच परीक्षा ठेवावी. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांना क्यूएमएल ऐकून तरी माहीत असतं, पण मराठी मजकूर घालून पडदा तपासलेला क्वचितच कुणी भेटतो.

आणि ही तपासणी काट्याच्या केबिनमध्ये, तिथल्याच जुन्या मॉनिटरवर, ऑपरेटरला शेजारी बसवून व्हावी. विक्रेत्याच्या लॅपटॉपवर करू नये. त्याचा पडदा केबिनमधल्यापेक्षा नेहमीच चांगला असतो.

आपली,
भुईकाट्याचं सॉफ्टवेअर लिहिणारी एक वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक