छोट्या सोसायट्यांच्या दुरुस्तीसाठी फिरता निधी : आपला हातभार हवा

सप्रेम नमस्कार,

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या सहकारी सोसायट्यांत मेंटेनन्स जितका कमी, तितके घर परवडणारे, असा समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात अशीच घरे राहण्याजोगी उरत नाहीत. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) सदनिकेच्या बांधकाम खर्चावर दरवर्षी किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी घ्यायचा असतो. बांधकाम खर्च ६ लाख रुपये धरला, तर महिन्याला १२५ आणि ३७५, म्हणजे घरामागे ५०० रुपये. २४ घरांच्या इमारतीत वर्षाला १ लाख ४४ हजार. आठ वर्षे ही वर्गणी घेतलीच नाही, तर ११ लाख ५२ हजारांची तूट पडते, आणि ती कळते ती जिन्यातला पहिला पोपडा पडल्यावर.

सुरुवात बहुधा नहाणीपासून होते. ट्रॅपभोवतीचा (सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा) सांधा सुटतो, पाणी स्लॅबमध्ये मुरते, आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून ढकलले जाते आणि सळईच्या रेषेतच तडा जातो. हातोडीच्या दांड्याने छत ठोकून पाहा : आवाज पोकळ आला की प्लास्टर सुटले आहे.

इथेच बहुतेक ठिकाणी पैसे वाया जातात. गवंडी बोलावून वरून नवे प्लास्टर मारले जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ते खाली येते. आधी वरची गळती बंद झाली पाहिजे. मग सैल काँक्रीट काढायचे, सळईच्या मागेही बोटभर जागा मोकळी करायची, तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत होईपर्यंत गंज घासायचा, गंजरोधक लेप द्यायचा, बाँडिंग कोट (जुने-नवे जोडणारा लेप) ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) थरांनी भरायचे आणि उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे क्युरिंग करायचे, म्हणजे ते ओले ठेवून नीट पक्के होऊ द्यायचे. सळई फार झिजली असेल, तर जोडसळई टाकायची की नाही हे अभियंत्यानेच ठरवावे, ठेकेदाराने नव्हे.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट (अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करावे, असे उपविधी सांगतात. ऑडिट होते, अहवाल येतो आणि सेक्रेटरीच्या कपाटात पडून राहतो, कारण कामाचा पहिला हप्ता द्यायला खात्यात पैसे नसतात. ही अडचण दूर करण्यासाठी आमच्या समितीने बिनव्याजी फिरता निधी उभारायला घेतला आहे.

एका सोसायटीला जास्तीत जास्त ३ लाख ६० हजार रुपये, परतफेड ६० समान हप्त्यांत. २४ घरांत वाटले तर घरामागे महिना २५० रुपये. परत आलेला पैसा पुढच्या इमारतीला जातो. अटी कडक आहेत आणि त्या शिथिल होणार नाहीत. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीची आकारणी त्याच महिन्यापासून सुरू झाली पाहिजे, नाहीतर पाच वर्षांनी तीच सोसायटी पुन्हा दारात उभी राहील. रक्कम सोसायटीच्या हाती न देता, अभियंत्याने मोजमाप तपासल्यावर तीन टप्प्यांत थेट ठेकेदाराला चेकने दिली जाईल.

देणगी कितीही चालेल. पण पैशाइतकीच माणसांचीही गरज आहे. स्थापत्य अभियंत्यांनी प्रत्येक कामासाठी तीन अर्धे दिवस द्यावेत : तोडफोड झाल्यावर सळई उघडी असताना, लेप दिल्यावर, आणि शेवटी. यातली पहिली भेट चुकली की पुढच्या दोन्हींना अर्थ उरत नाही, सगळे झाकले गेलेले असते. निवृत्त बँक कर्मचारी आणि लेखापाल यांनी थकबाकीची खाती लावून द्यावीत. बहुतेक छोट्या सोसायट्यांत सभासदनिहाय खतावणीच (प्रत्येकाच्या येण्या-देण्याची वही) नसते, आणि तिच्याशिवाय थकबाकीदाराविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडे वसुली दाखल्याचा (थकबाकी वसूल करण्याच्या आदेशाचा) अर्ज टिकत नाही. कोणाकडे वापरात नसलेली परांचीची सामग्री असेल, तर तीही हवी आहे.

बाहेरच्या भिंतींचे आणि गच्चीचे काम दिवाळी ते मे याच काळात करता येते. म्हणून देणग्या आणि नावनोंदणी दसऱ्यापर्यंत समितीच्या खजिनदारांकडे करावी. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि प्रत्येक कामाचे बिल त्या इमारतीच्या सूचना फलकावर लावले जाईल.