फोंड्याच्या सायटीवरच्या इंजिनियर ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी, माझे यजमान आणि सासरे असे तिघं तुमच्या सायटीवर न कळवता येऊन थडकलो होतो. फोंड्याजवळ ‘पॅसिव्ह हाऊस’ म्हणून काहीतरी, म्हणजे फारशी वीज न जाळता आत सुखाचं राहणारं हवाबंद घर, बांधतायत, एवढंच कानावर होतं. पंधरा मिनिटं देते म्हणालात आणि अडीच तास दिलेत, वर चहाही पाजलात. निघायच्या गडबडीत आभार मानायचे राहूनच गेले.

डिचोलीला आम्हाला घर बांधायचंय. बाबांनी आत पाऊल टाकताच विचारलं, ‘एवढं बंद घर म्हणजे डबाच की, माणसानं श्वास कुठून घ्यायचा?’ तुम्ही हसला नाहीत. त्यांना शिडीवर चढवून छताजवळचं यंत्र दाखवलंत. बाहेर जाणारी गार, कोरडी हवा आणि आत येणारी दमट हवा त्यातून एकमेकींत न मिसळता जातात, आणि येणारी आपली बरीच उष्णता नि ओल जाणारीच्या हवाली करते. पहिलं पॅसिव्ह हाऊस जर्मनीत डार्मश्टाटला झालं, म्हणालात, १९९१ साली लोक त्यात राहायला आले. पण ते थंडीसाठी. तिथे वाफ आतून भिंतीत शिरते, आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरून. म्हणून वाफ अडवणारा थर इथे बाहेरच्या अंगाला. हे ऐकल्यावर बाबा गप्प झाले. ते सहसा होत नाहीत.

मग घर किती हवाबंद झालंय ते बघायची ती चाचणी. मुख्य दारात लाल कापड ताणलेलं, त्यात मोठा पंखा. घरात ५० पास्कलचा दाब, आणि तासाभरात घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा फटींतून जाता कामा नये. आकडा ०.९ आला. तुम्ही तो आमच्यापासून लपवला नाहीत. धुराची कांडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलात. एका खिडकीच्या कोपऱ्यात धूर सरळ वर जाता जाता एकदम आडवा वळला. इलेक्ट्रिशियननं ड्रिल मारून केलेलं करंगळीएवढं भोक. त्याला चार शब्द सुनावलेत, पण टेप स्वतः लावलीत.

ते भोक बघून मी सहज म्हटलं, आमच्या बेडरूममधल्या कपाटात दर पावसाळ्यात बुरशी येते. चवथीला पैठणी काढली की कुबट वास. तीनदा पेंटर बोलावला, बुरशीविरोधी रंगाचे पैसे मोजले, पुढच्या जूनला पुन्हा तेच. तुम्ही विचारलंत, ‘एसीचा पाइप जातो ते भोक बघितलंय का?’ घरी येऊन बघितलं. बसवणाऱ्यानं त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता, आणि तो ओला होता! बाहेरची दमट हवा तिथून आत यायची आणि एसीनं गार झालेल्या भिंतीवर पाणी होऊन बसायची.

तुमचा आणखी एक सल्ला आमच्या नकाशात उतरला. आम्ही तीन काचांच्या खिडक्यांचे दर काढत बसलो होतो. आधी सावलीवर खर्च करा, म्हणालात. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा. आणि पश्चिमेला छज्जा पुरत नाही, कारण संध्याकाळचं ऊन त्याच्या खालून शिरतं, तिथे उभी जाळी नाहीतर झाड. आमच्या आर्किटेक्टनं उत्तर बाजू मोकळीच सोडली होती. आता छज्जा आलाय. पश्चिमेचा फणस तोडायचा बेतही रद्द.

तुम्ही सांगितलेली उदबत्तीची युक्तीही केली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला, दारंखिडक्या बंद केल्या आणि जुनं घर फिरलो. अकरा फटी सापडल्या. दहा बुजवल्या. मागच्या दाराखालची बाबा बुजवू देत नाहीत. म्हणतात, मांजर कुठून येणार?

तुमची,
डिचोलीची एक वाटसरू