बोहारणीच्या गाठोड्यातून परत आलेलं लुगडं

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आजीचं महेश्वरी लुगडं बोहारणीच्या गाठोड्यात जवळजवळ गेलंच होतं. बदल्यात स्टीलचं पातेलं ठरलं होतं. तुम्ही जिना उतरत होतात. ‘जरा बघू दे गं,’ म्हणून घडी हातात घेतलीत आणि तो सौदा तिथेच मोडला. तुमचे आभार घरात मानून माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ते लुगडं कापायची मला भीती वाटत होती. त्याआधी आईच्या एका जुन्या रेशमी साडीचा कुर्ता मी बाहेर शिवून घेतला होता. पहिल्याच दिवशी खाली बसताना तो पाठीवर टर्रकन फाटला. मी शिवणाऱ्याला दोष देत होते. तुम्ही तो कुर्ता उलटा करून टाके दाखवलेत. जाड सुई, बारीक टाके, अंगाबरोबर बसवलेली शिलाई. टपालाच्या तिकिटाला असतात तशी ओळीने भोकं पडली होती आणि कापड त्याच ओळीवर सुटलं होतं.

मग तुम्ही आजीचं लुगडं खिडकीत उजेडासमोर धरलंत. महेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्यामुळे घडीवरचं रेशीम तुटलं होतं आणि नुसते आडवे सुती धागे जाळीसारखे लोंबत होते. मला तर सगळंच गेलेलं वाटलं. तुम्ही खडू घेऊन गेलेल्या भागाभोवती रेघा मारत गेलात. आठ मीटरमधून साडेतीन मीटर धड कापड निघालं. ‘आधी मेलेलं बाजूला काढ, मग डिझाइनचा विचार कर,’ असं म्हणालात. मी नेहमी उलटं करत आले होते, आधी फोटो बघायचा आणि मग कात्री चालवायची.

जॅकेट शिवायचं हे काठांमुळेच ठरलं. महेश्वरीची बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, त्यामुळे बाही दुमडली किंवा समोरचा पदर उलटला तरी उलटी बाजू अशी दिसतच नाही. अहिल्याबाईंनी १७६७ साली कारभार हाती घेतला, पुढे महेश्वरला राजधानी केली, विणकर आणून वसवले. पुढच्या काळात मागे पडलेलं ते विणकाम एकोणिसशे सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेहवा सोसायटी या विणकरांसाठीच्या संस्थेने पुन्हा उभं केलं. आजीने लुगडं घेतलं ते त्यानंतर, महेश्वरलाच. घाटावरून परत येताना घेतलं होतं, असं ती सांगायची. शिवताना हे सगळं मनात होतं, म्हणून एकही काठ आडवा कापवला नाही.

बाकी सगळी तुमचीच शिकवण. शीतलामाता बाजारातून मऊ मलमल आणली, आधी भिजवून आटवून घेतली आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे धावदोऱ्याने जोडली, म्हणजे ओढ जुन्या कापडावर न येता मलमलीवर येते. सुई अकरा नंबरची. दोरा सुती, कारण चिवट पॉलिएस्टरचा दोरा जुनं रेशीम कापतो. टाका मोठा, शिलाईला भरपूर माया, काखेत मोकळं. जरीवर इस्त्री फिरवायची ती वर सुती फडकं ठेवूनच. गळ्याची उरेब पट्टी मी तीनदा उसवली. तिन्ही वेळा तुम्ही शेजारी बसून होतात, आणि एकदाही माझ्या हातातून कापड काढून घेतलं नाहीत. काकू, माझ्या मते खरी शिकवणी ती होती.

भाऊबीजेला जॅकेट घातलं. आईने काही न बोलता काठावरून हात फिरवला आणि आत जाऊन आजीची दुसरी साडी घेऊन आली. तिचा पदर अजून धड आहे. मात्र निऱ्यांचा भाग उजेडात धरल्यावर मला ठिकठिकाणी शंका आली. खडूच्या रेघा मारून ठेवल्या आहेत, कात्री लावलेली नाही.

उरलेल्या काठांच्या आमच्या महालक्ष्म्यांना चोळ्या होतील, आणि एका तुकड्याचा तुमच्यासाठी बटवा शिवला आहे. रविवारी तो आणि ती साडी दोन्ही घेऊन येते. उजेड चांगला असतो म्हणून सकाळीच येईन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची,
रामबाग, इंदूर