पाच वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचा प्रवास विकल्याबद्दल तक्रार

सातारा,
नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (परदेश सहली)

विषय: ‘दक्षिण युरोप – बजेट बॅकपॅकिंग रेल्वेने’ या पॅकेजमधील खोटी माहिती, जादा आकारणी आणि परताव्याची मागणी

महोदय,

पोर्तुगालमधल्या लिस्बनपासून इटलीच्या सिसिली बेटावरच्या पालेर्मोपर्यंतचे वरील पॅकेज मी तुमच्या पुणे शाखेतून माझ्या आणि माझ्या भाचीच्या नावाने घेतले होते. त्यात विमानाची तिकिटे, दोन युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारे), हॉस्टेलांची बुकिंग आणि गाड्यांच्या वेळा दिलेला ‘डे-वाइज प्लॅन’ होता. सप्टेंबरमध्ये आम्ही जाऊन आलो. परत आल्यावर फोनवर तक्रार केली तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, “प्लॅन फक्त सूचक असतो मॅडम, गाड्या काय आमच्या नाहीत.” म्हणून आता लेखी कळवत आहे.

आधी लिस्बनबद्दल, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच झाला. तुमच्या प्लॅनमध्ये लिस्बनच्या सांता अपोलोनिया स्थानकावरून रात्री साडेनऊच्या सुमारास माद्रिदला जाणारी ‘लुझिटानिया’ ही रात्रगाडी दिली आहे. शेजारी हिरव्या अक्षरांत “एका रात्रीच्या मुक्कामाची बचत!” असेही छापले आहे. आम्ही पाठीवर बोजे घेऊन स्थानकावर पोहोचलो. खिडकीवरच्या बाईंनी तुमचा कागद वाचला, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला आणि आम्हाला शांतपणे सांगितले की ही गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेलीच नाही. तिच्याबरोबर लिस्बनहून फ्रान्सच्या सीमेवरच्या आंदाईला जाणारी ‘सूद एक्सप्रेस’ही तेव्हाच थांबली. म्हणजे पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजधान्यांना जोडणारी एकही रात्रगाडी आज नाही. ही काही गुप्त माहिती नव्हे. युरोपच्या रेल्वेविषयी ज्यांना थोडीफार आस्था आहे त्यांना ती पाठ असते. तुमच्याकडे तर ‘युरोप रेल एक्स्पर्ट’ असा फलक लावलेले स्वतंत्र टेबल आहे.

आगाऊ सूचना नाही, तर निदान रात्रीपुरती मदत तरी मिळावी म्हणून तुमच्या ‘२४ तास व्हॉट्सअ‍ॅप सहाय्या’वर लिहिले. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, हे मला समजते. पण २४ तास म्हणजे त्यात मध्यरात्रही येते. उत्तर आले सकाळी, आमच्या दृष्टीने सगळे आटोपल्यावर: “नोटेड मॅडम.” तोवर आम्ही हॉस्टेलांना फोन करून करून शेवटी दुप्पट भावाच्या एका खोलीत रात्र काढली होती. माद्रिदच्या हॉस्टेलचे पैसे बुडाले ते वेगळेच, कारण तुम्ही केलेले बुकिंग परतावा न मिळणाऱ्या प्रकारातले होते.

दुसऱ्या दिवशी माद्रिदला पोहोचलो ते गाड्या बदलत. लिस्बनहून एंत्रोंकामेंतो, तिथून छोट्याशा डिझेल गाडीने सीमेपलीकडचे बादाखोस, आणि पुढे माद्रिद. सगळा दिवस त्यात गेला, वर स्पेनमध्ये शिरताना घड्याळ एक तासाने पुढे करावे लागते. खरे सांगायचे तर बुचाच्या ओक झाडांमधून जाणारा तो रस्ता मला आवडला. प्लॅनमध्ये तोच लिहिला असता तर मी एका शब्दाने तक्रार केली नसती.

याच मुद्द्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट तुमच्या प्रतिनिधीला गंभीर वाटली नाही, मला मात्र वाटते. हाच प्लॅन तुमच्या सल्ल्यावरून आम्ही शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या) अर्जाला जोडला होता. सर्वाधिक रात्री इटलीत असल्याने अर्ज इटलीकडे केला, तो भाग तुम्ही बरोबर सांगितलात. पण रोजचा मुक्काम कुठे, याच्या तक्त्यात एक रात्र ‘लिस्बन–माद्रिद रेल्वेत’ अशी होती. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या गाडीत झोपण्याची ग्वाही मी माझ्या सहीने एका परदेशी वकिलातीला दिली! कोणी तपासले नाही, म्हणून निभावले. कोणी तपासले असते तर माझ्या पासपोर्टवर नकार बसला असता, तुमच्या नव्हे.

आता पासविषयी. पासबद्दल माझी तक्रार नाही, तुम्ही तो जसा विकलात त्याबद्दल आहे. तुमच्या माहितीपत्रकात “एकदा पास घेतला की सर्व गाड्या मोफत” असे वाक्य आहे. ते निखालस चूक आहे. स्पेनमधल्या आवे, फ्रान्समधल्या तेजेवे, इटलीतल्या फ्रेच्यारोस्सा अशा वेगवान गाड्यांना पास असला तरी जागेचे आरक्षण सक्तीचे असते आणि त्याचे पैसे दर माणशी, दर गाडीला वेगळे मोजावे लागतात. त्यातही फ्रान्समध्ये पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्याच असतात. इटलीतल्या साध्या रेजोनाले गाड्यांना आणि फ्रान्सच्या टीईआर या प्रादेशिक गाड्यांना मात्र सहसा आरक्षण लागत नाही. कमी पैशात फिरणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब याच फरकावर उभा असतो. तुमच्या प्लॅनमध्ये जवळजवळ प्रत्येक टप्पा वेगवान गाडीचा आहे आणि आरक्षणाच्या रकान्यात ‘इन्क्लुडेड’ लिहिले आहे. आम्ही विचारल्यावर तुमच्याकडून कळले की तिथे फक्त पास ‘इन्क्लुडेड’ होता. माद्रिद–बार्सिलोना, फ्लॉरेन्स–रोम, रोम–नेपल्स या सगळ्याची आरक्षणे आम्ही खिडकीवर उभे राहून आमच्या पैशांनी केली. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

बार्सिलोनाहून मार्सेयला जाणाऱ्या थेट गाडीत तर पासधारकांना जागाच मिळाली नाही. पूर्ण भाड्याची तिकिटे घेणे बजेटमध्ये बसत नव्हते. शेवटी सांत्स स्थानकावरच्या एका तरुण कर्मचाऱ्याने कागदाच्या पाठीमागे लिहून दिलेल्या वाटेने गेलो. आधी पॅसेंजर गाडीने सीमेवरचे पोर्टबोऊ, मग बोगद्यापलीकडचे सेर्बेर, तिथून पेर्पिन्यां, नार्बोन, माँपेलिए, आविन्यों असे टप्पे घेत मार्सेय. स्पेनच्या जुन्या मार्गांचा गेज (दोन रुळांमधले अंतर) १६६८ मिलिमीटर, फ्रान्सचा १४३५. त्यामुळे या जुन्या वाटेवर साध्या गाडीने जाणाऱ्याला सीमेशी उतरावेच लागते. (आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे स्पेनपेक्षा फक्त ८ मिलिमीटरने रुंद. हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.) पोर्टबोऊला पुढची गाडी येईपर्यंत वेळ होता म्हणून वर दफनभूमीपर्यंत चालत गेलो. नात्झींपासून पळताना १९४० साली जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन याच गावात मरण पावला. त्याचे स्मारक समुद्राकडे उतरणाऱ्या लोखंडी जिन्याच्या रूपात तिथे आहे. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, मला ते पाहायचेच होते. तुमच्या प्लॅनमध्ये या गावाचे नावही नाही. तिथे पोहोचवल्याचे श्रेय कृपया घेऊ नये.

नीसपासून जेनोवापर्यंतचा किनारा आम्ही इटलीच्या सीमेवरच्या व्हेंतिमिल्याला गाडी बदलून विनाआरक्षण केला. तोही प्लॅन बाजूला ठेवूनच.

नेपल्सबद्दल थोडक्यात. “पोम्पेई आणि सोरेंतो – पासवर मोफत” असे तुम्ही लिहिले आहे. तिकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही स्थानिक लाइन वेगळ्या कंपनीची आहे आणि युरेल पास तिथे चालत नाही. तिकीट फार महाग नाही, प्रश्न त्या रकमेचा नाहीच. प्रश्न असा की ज्याने हे लिहिले त्याने त्या मार्गाविषयी एक ओळही वाचलेली नव्हती.

रोम–पालेर्मो हा टप्पा तुम्ही “हायस्पीड, ५ तास” असा दाखवला आहे. दक्षिण इटलीचा नकाशा एकदा समोर घ्या. वेगवान गाड्यांसाठी बांधलेला खास मार्ग सालेर्नोच्या आसपास संपतो. त्यापुढे वेगवान गाडीसुद्धा जुन्याच रुळांवरून जाते, आणि सिसिली हे बेट आहे. रोमहून निघालेल्या इंटरसिटी गाडीचे डबे मुख्य भूमीच्या टोकावरच्या व्हिला सान जोव्हान्नीला तोडून जहाजाच्या पोटात चढवतात, सामुद्रधुनी ओलांडली की मेस्सिनाला उतरवून पुन्हा जोडतात. प्रवाशांनी डब्यातच बसायचे किंवा वर डेकवर जाऊन वारा खायचा. युरोपात गाडी जहाजावर चढवण्याची ही जागा आता दुर्मीळ उरली आहे. सहलीतला माझा सर्वांत आनंदाचा भाग तोच होता, पण त्याला लागले अकरा-बारा तास. तुमच्या पाच तासांच्या हिशेबाने पालेर्मोच्या हॉस्टेलला संध्याकाळी येतो असे कळवले गेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथले स्वागतकक्ष बंद झाले होते आणि रात्री उशिरा आम्हाला रस्त्यावर उभे राहून शेजारच्या पानाफुलांच्या दुकानदाराकरवी मालकाला बोलवावे लागले.

एक गोष्ट न्यायाने सांगते. फ्लॉरेन्सला एका शुक्रवारी रेल्वेचा संप होता आणि आमचा अर्धा दिवस गेला. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. इटलीत संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवतात. हे मला हॉस्टेलमधल्या मुलांनी सांगितले, तुमच्या एक्स्पर्टने नव्हे, इतकेच.

आता पैशांचा सरळ प्रश्न. माझ्या भाचीचे वय २४ आहे. पासपोर्टची प्रत पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे आहे, त्यावर जन्मतारीख स्वच्छ छापलेली आहे. युरेलचा युवा पास २७ वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना मिळतो आणि तो प्रौढ पासपेक्षा साधारण पावभागाने स्वस्त असतो. तुम्ही तिला प्रौढ पास दिलात. याला ‘सूचक’ हे उत्तर कसे लागू पडते, ते मला जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या प्रतिनिधीने असेही सांगितले की कंपनीने फक्त पास आणि तिकिटे विकली, प्लॅन ‘कॉम्प्लिमेंटरी’ होता. तसे असेल तर माझ्या बिलावर ‘ओव्हरसीज टूर पॅकेज’ म्हणून ५ टक्के टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर) का आकारला आहे? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की नुसते तिकीट किंवा नुसते हॉटेल म्हणजे पॅकेज नव्हे. आंतरराष्ट्रीय प्रवासाचे तिकीट, निवास (भोजनासह किंवा भोजनाविना) आणि तत्सम इतर खर्च यांतल्या किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तरच ते पॅकेज. तुम्ही त्या विकल्यात म्हणून कर घेतलात, तो मी विवरणपत्रात वळता करून घेईन, त्याबद्दल वाद नाही. पण कर गोळा करताना पॅकेज आणि जबाबदारी आली की सुटी तिकिटे, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात “वाद फक्त मुंबईच्या न्यायालयांत” असे छापलेले मी वाचले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे माझ्या बाबतीत साताऱ्यात. सेवेसाठी ग्राहकाने मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) मी आजच नोंद करत आहे.

माझी मागणी अशी: भाचीच्या प्रौढ आणि युवा पासमधील फरक; आरक्षणांचा सर्व खर्च; लिस्बनमधल्या जादा रात्रीचा खर्च आणि माद्रिदच्या बुडालेल्या बुकिंगची रक्कम. हे सर्व हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत माझ्या खात्यात जमा व्हावे. मानसिक त्रासाची भरपाई मी मागत नाही, कारण सहल चांगली झाली. ती तुमच्यामुळे झाली नाही एवढाच मुद्दा आहे. त्याशिवाय, हे पत्र लिहीत असतानाही तोच प्लॅन, तीच लुझिटानिया आणि तेच “सर्व गाड्या मोफत” तुमच्या जाहिरातीत जसेच्या तसे आहे. दिवाळीनंतर पुढच्या उन्हाळ्याची बुकिंग सुरू होतात, तेव्हा ते आधी काढून टाकावे.

उत्तर लेखी आणि अधिकृत सहीने द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे “नोटेड मॅडम” उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

आपली,
तक्रारदार ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर)