शेफील्डच्या खोलीबद्दल

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं ब्रोशर आम्ही दोघांनी वाचलं. छपाई झकास आहे. इंग्लंडात शेफील्डला विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या इमारतीत एनसूट (स्वतंत्र बाथरूमची) खोली विकत घेऊन भाड्याने द्यायची, किंमत 70 हजार पौंड, तीन वर्षं नऊ टक्के भाड्याची हमी. निम्मे पैसे तुझे, निम्मे बाबांची एफडी मोडून.

बँकेत कर्जखात्यात नोकरी केलेल्या बाईला पहिला प्रश्न पडतो : हमी देतंय कोण? कागद नीट बघ, बिल्डरनेच काढलेली दुसरी कंपनी निघेल. नऊ टक्क्यांनी वर्षाला 6,300, तीन वर्षांत 18,900 पौंड. एवढी रक्कम आधीच किमतीत चढवली असेल, तर आपलेच पैसे आपल्याला हप्त्याहप्त्याने परत मिळणार आणि वर आपण खूश! खरं भाडं कळणार चौथ्या वर्षी. इमारत अजून उभी राहायची असेल तर आणखीच कठीण. लिव्हरपूलमध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरलेल्या अशा योजना अर्धवट पडल्या, हे तूही वाचलं असशील.

पण मला खरी काळजी वाटते ती पुढे खोली विकण्याची. तिथल्या बँका अशा सुट्या खोलीवर सहसा कर्ज देत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर रोख पैसे घेऊन आलेला तुझ्यासारखाच कुणीतरी. मावशी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर मुली ठेवते. कोविडात मुली गावी गेल्या तेव्हा तिने ती जागा एका कुटुंबाला दिली. तुला तसं करता येणार नाही, अशा इमारतींना परवानगीच बहुतेक विद्यार्थ्यांपुरती असते.

आणि विद्यार्थी तरी किती धरायचे? 2021 मध्ये ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिकून झाल्यावर तिथेच राहून काम करू देणारा व्हिसा, सुरू झाला, आपल्याकडून रीघ लागली. जानेवारी 2024 पासून मास्टर्सच्या बहुतेक मुलांना जोडीदाराला नेता येत नाही. 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी-मास्टर्सवाल्यांना तो व्हिसा दोनऐवजी दीडच वर्षाचा. डरहॅमला घरांसाठी मुलं रात्रभर रांगेत होती हे मान्य, पण शेफील्डमध्ये दर चौकात नवी इमारत उठतेय हे तूच व्हिडिओ कॉलवर दाखवलंस.

2019 च्या नोव्हेंबरात बोल्टनला विद्यार्थ्यांच्या सहा मजली इमारतीला आग लागली आणि भिंतींना बाहेरून बसवलेल्या आवरणावरून, म्हणजे क्लॅडिंगवरून, वर चढली. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. तेव्हा क्लॅडिंग बदलायची वेळ आली तर खर्च कुणाच्या माथी, हे लीजमध्ये (खोलीच्या भाडेपट्ट्याच्या करारात) शोध.

इथून 40 लाख पाठवायचे तर 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर), म्हणजे सहा लाख वेगळे बाजूला काढायचे. रिटर्न भरल्यावर मिळतील, पण तोवर अडकले.

या धंद्यावर एवढाच भरवसा असेल तर विद्यार्थ्यांच्या अशा इमारती चालवणाऱ्या युनाइट कंपनीचे शेअर लंडनच्या बाजारात मिळतात. थोडे घे. पडतीलही, पण नको वाटले तर त्याच दिवशी विकता येतात.

तरी खोलीच हवी असेल तर पूर्ण लीज आणि मागच्या दोन वर्षांची सर्व्हिस चार्जची (इमारतीच्या देखभालीची) बिलं माग. तिथल्या सरकारी लँड रजिस्ट्रीवर विक्रीच्या किमती उघड असतात; त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीतल्या खोल्या दुसऱ्यांदा कितीला गेल्या ते बघ आणि मला आकडे कळव. बाबा एफडीला तोवर हात लावणार नाहीत.

एजंटाने शुक्रवारची मुदत घातलीय ना, ती जाऊ दे. बुकिंगचे पैसे अजिबात भरू नकोस.

तुझी,
आई