‘काय मिळालं?’ याचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. ख्रिस्ती होणारे कशाच्या तरी आशेनेच होतात, नाहीतर त्यांना त्यात मिळतं तरी काय, असा त्यांचा सवाल. आमच्या घरी पेपर आला की आधी माझ्या सासूबाई वाचतात. वय ऐंशीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पण अग्रलेखापासून दशक्रियेच्या निवेदनांपर्यंत काही सोडत नाहीत. ते पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “लिही त्यांना. जे मिळालं ते सगळं लिही, नाही मिळालं तेही लिही.” म्हणून लिहिते आहे.

मी नेवासे तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी मदतनीस आहे. सासरचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पहिला बाप्तिस्मा झाला तो वडाळा मिशनात, दुष्काळाच्या दिवसांत. हे लपवायचं काही कारण नाही. 1896-97 आणि लगेच 1899-1900, असे दोन दुष्काळ आमच्या नगर जिल्ह्याने पाठोपाठ सोसले. पोरकी झालेली पुष्कळ मुलं तेव्हा मिशनच्या आसऱ्याला आली. पोटासाठी कोणी गेलं असेल तर गेलं असेल, उपाशी माणसाला भरल्या पोटी नावं ठेवणं सोपं असतं. पण बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव लोकांनी सरकारची सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो खाल्ली, त्यातलं कोणी अमेरिकन झालेलं ऐकिवात नाही. धान्य संपलं की धान्यासाठी आलेला माणूस उठून जातो. आमच्या घरचे राहिले. का राहिले, ते धान्याच्या कोठीत शोधून सापडणार नाही.

आता काय नाही मिळालं ते आधी लिहिते, कारण ते कागदोपत्री आहे. आमचे पूर्वज महार. ख्रिस्ती झाले म्हणून गावकुसाबाहेरचं घर काही गावकुसाच्या आत आलं नाही, आणि विहिरीवरचा विटाळ बाप्तिस्म्याच्या पाण्याने गेला नाही. पुढे 1950 साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्यात अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. आम्ही अजून बाहेरच. माझ्या मुलाच्या आयटीआयच्या अर्जावर धर्म ‘ख्रिस्ती’ लिहिला आणि अनुसूचित जातीचा रकाना तिथेच मिटला. त्याच गल्लीतला, त्याच आडनावाचा, आमच्याच भावकीतला मुलगा बौद्ध आहे, तो सवलतीवर लागला. त्याचा तो हक्कच आहे, मला हेवा नाही. पण ‘आशेने धर्म बदलतात’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. कागदावर एक आणि घरात एक असं करणारेही पुष्कळ आहेत, मी त्यांना दोष देत नाही. आमच्या सासऱ्यांनी मात्र ते करू दिलं नाही. ते बरोबर केलं का, यावर माझा मुलगा सुपा एमआयडीसीतून सुट्टीला आला की आमचं अजून भांडण होतं. तो म्हणतो, आजोबांच्या खरेपणाची किंमत मी कंत्राटी कामगार होऊन फेडतोय. मला त्यावर उत्तर देता येत नाही.

मिळालं ते सांगायचं तर पहिलं अक्षर. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली. तिथल्या सिंथिया फॅरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घेऊन गेल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. आमच्या घरापर्यंत ते अक्षर यायला बराच वेळ लागला. सासूबाईंची आई बायबलबाई होती. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, आणि गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं. स्वतःला वाचता येत होतं म्हणून मुलीलाही शिकवलं. ती मुलगी, म्हणजे आमच्या सासूबाई, जन्मभर लोकांच्या रानात निंदणी-खुरपणी करत आल्या. बांधावर भाकरी खाताना ज्या कागदात चटणी बांधलेली असे तो कागद त्या आधी वाचत. आपला पेपर आमच्याकडे सुरू आहे तो त्यांच्यामुळे. मानधन थकलं तेव्हा मी तो बंद करायला निघाले होते, तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

आता माझ्या स्वतःच्या वाट्याचं. आमचे मालक ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. 2023 ची दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली होती, आणि एका सकाळी मोरीत दात घासताना ब्रश त्यांच्या हातातून गळून पडला. त्यांनी तो उचलायला हात नेला तर हातच जाईना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यात किती दिवस गेले आणि किती पैसे गेले ते सांगत बसत नाही, ज्याच्या घरात असं झालं आहे त्याला ते माहीत आहे. अर्धा एकर कांदा वाट्याने केला होता, तो निघाला की बिल भागेल असा हिशेब होता. डिसेंबरच्या 8 तारखेपासून कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. घोडेगावच्या बाजारात आमच्या गोण्या गेल्या तेव्हा जो भाव लागला त्यात काढणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडंही सुटलं नाही.

त्या दिवसांत घर कशावर चाललं? सांगते. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. एक जण रात्रीची यायची, दर दोन तासांनी मालकांना कूस बदलून द्यावी लागे आणि माझ्या एकटीच्याने ते होत नसे. अंगणवाडीच्या वेळेत दुसरी येऊन बसायची. कोणी बाजरीचं पीठ आणून ठेवायची, कोणी शेळीचं दूध. त्यातल्या कोणीच खात्यापित्या घरच्या नाहीत. फक्त ख्रिस्ती माणसंच धावून आली असं मात्र लिहिणार नाही. शेजारच्या काकू पंढरीच्या वारकरी आहेत. दुपारची भाकरी त्यांच्याकडून यायची, आणि एकादशीला भगर. गळ्यात तुळशीची माळ घालून त्या आमच्या प्रार्थनेला बसतात, डोळे मिटतात, आणि प्रार्थना लांबली की कोपराने मला ढोसतात. प्रार्थना लांबवण्याची खोड आमच्या काही वडीलमंडळींना आहे, हे इथे नमूद करते.

याच काळात आम्हाला आणखी एका प्रकारचे लोक भेटले. कोणाच्या तरी ओळखीने एक प्रचारक घरी आला. मोठ्या सभांमध्ये रोगी बरे करतो म्हणाला. मालकांच्या कपाळाला तेल लावलं, हात डोक्यावर ठेवून पुष्कळ ओरडला. मालक घाबरले. काही झालं नाही तेव्हा म्हणाला की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे, आणि पुढच्या सभेला पेरणी म्हणून काही रक्कम आणा. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि चहा संपल्यावर दार दाखवलं. मला राग आला तो त्याचा आलाच, पण त्याहून जास्त वाटलं ते हे की आपल्या अंकातल्या पत्रलेखकांचा आणि याचा प्रश्न एकच आहे. ते विचारतात, देवाकडून काय मिळालं. हा सांगतो, देवाकडून काय मिळवता येतं. दोघांनाही व्यवहाराशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आमच्याकडे बुधवारी घरगुती प्रार्थना असते. पेटी, टाळ, ढोलकी. नारायण वामन टिळक राहुरीला आणि नगरला राहिले, त्यांनी ख्रिस्ती माणसाला अभंग, भजन आणि कीर्तन दिलं, नाहीतर आम्ही अजून इंग्रजी चालीवर अडखळत बसलो असतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. म्हणूनच काकूंना आमच्यात बसून टाळ धरायला शिकवावं लागलं नाही.

त्या बुधवारी मालक बाजेवर पडून होते. तोवर त्यांच्या तोंडून दोनच गोष्टी निघत, एक ‘हां’ आणि दुसरी एक शिवी. शिवी अगदी स्वच्छ निघायची, पाळकसाहेबांसमोरसुद्धा. पाणी हवं असलं तरी शिवी, उशी नीट करायची असली तरी शिवी, आणि मग स्वतःच शरमून भिंतीकडे तोंड करायचे. भजन सुरू झालं, टिळकांचंच. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा बाजेवरून आवाज आला. आधी मला वाटलं, कण्हतायत. मग कळलं, शब्द लागतायत. एका बाजूने ओघळलेल्या तोंडाने, पण पुरी ओळ, चालीवर, ठेक्यात. पेटीवाल्या भाऊंचा हात थांबला. काकूंनी टाळ थांबवला नाही, उलट मला खुणावलं, गात राहा. भजन संपलं आणि आम्ही त्यांना म्हटलं, आता नुसतं बोलून दाखवा. ते बोलायला गेले आणि निघाली शिवीच. सगळे हसले, तेही हसले. आजारपणात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

दोघी-तिघी ‘चमत्कार, चमत्कार’ म्हणून रडू लागल्या. मी दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि यांची ती बाजू दुखावली. गाण्याला उजव्या बाजूची साथ मिळते, ती शाबूत आहे. शिव्याही अशाच आपोआप निघतात, म्हणून राहतात. तिने सांगितलं, गाऊनच शिकवा. तेव्हापासून आमच्या घरात पाणी भजनाच्या चालीवर मागितलं जाऊ लागलं. डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा आणि म्हणायचं, ‘पाऽणी दे’. हळूहळू चाल गळाली आणि शब्द उरले. सगळे नाही आले, नावं अजून अडतात. मला कधी सासूबाईंच्या नावाने हाक मारतात. कारण कळल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही. इतकी वर्षं दर बुधवारी ते भजन त्यांच्या कानांवरून गेलं नसतं तर उजव्या बाजूला तरी काय साठलं असतं?

समाधानी आहे का, असं मला मुलाने विचारलं होतं, जरा कुत्सितपणेच. आमच्याकडे साक्षीच्या वेळी लोक उभे राहतात आणि आता मला कशाचीच चिंता नाही म्हणून सांगतात, तसं मला जमत नाही. बचत गटाचा हप्ता आला की चिंता असते. रात्री उठून मी देवाशी भांडतेही. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं म्हणजे भांडणंच आहेत, ती कोणी काढून टाकलेली नाहीत, म्हणजे भांडायला परवानगी असावी. प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला तुरुंगातून पत्र लिहिलं, तेही बायबलात आहे, त्यात भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही स्थितींत समाधानाने राहायला शिकलो असं म्हटलं आहे. प्रवचनात सगळे तेवढंच सांगतात. पण त्याच पानावर, तुम्ही पाठवलेली मदत पोचली, बरं केलंत, असंही तो लिहितो. मला तो माणूस या दुसऱ्या वाक्यामुळे खरा वाटतो. शेळीचं दूध घेताना मला जो संकोच व्हायचा तो त्या वाक्याने गेला.

एक गंमत सांगून थांबते. पीक निघालं की आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना असते. ज्याच्या घरात जे असेल ते तो घेऊन येतो. ज्वारी, भोपळा, कोंबडी, अंडी. उपासना झाल्यावर देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) ओट्यावर त्याचा लिलाव होतो. त्या जानेवारीत आमच्याकडे द्यायला कांद्याशिवाय काही नव्हतं, म्हणून बाजारात न विकलेली एक गोणी मी नेऊन ठेवली. लाज वाटत होती, कारण त्या वर्षी कांदा रस्त्यावर फेकायच्या लायकीचा झाला होता. लिलाव सुरू झाला. एकाने घेतली आणि परत ओट्यावर ठेवली, पुन्हा बोली. दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत ठेवली. घोडेगावला सबंध टेम्पोला मिळाला नाही तेवढा भाव त्या एका गोणीला आला. मी मनात म्हटलं, यातले निम्मे तरी मला मिळाले असते! मिळाले नाहीत. देवळाच्या छपराचे पत्रे गळत होते, पैसे पत्र्यांना गेले. मिशनचे गोरे लोक जाऊन जमाना झाला, 1970 पासून आम्ही उत्तर भारताच्या मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहोत. पत्रे आणि पाळकसाहेबांचा पगार, दोन्ही आमच्याच वर्गणीतून निघतात.

मालक आता काठी घेऊन पारापर्यंत जातात. कर्ज अजून आहे.

त्या पत्रलेखकांना पुढच्या उपकारस्तुतीला यायचं असेल तर त्यांनी जरूर यावं. करंज्या मिळतील, काकूही भेटतील. फक्त लिलावात बोली लावावी लागते आणि घेतलेलं बहुतेक वेळा परत ओट्यावर ठेवावं लागतं, ही पूर्वसूचना.

पत्र छापल्यास नाव देऊ नये ही विनंती. मालकांना आपला आजार पेपरात आलेला आवडणार नाही, आणि शिवीबद्दल मी लिहिलं आहे हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सासूबाई वाचून दाखवतीलच.

आपली,
एक अंगणवाडी मदतनीस
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर